क्रॉपर आणि क्रूपिए : एका आपटण्याची कुळकथा

इंग्रजीत एखाद्याचा बेत पार फसला की तो ‘केम अ क्रॉपर’ म्हणतात. आपण म्हणतो, तोंडघशी पडला. या क्रॉपरचं मूळ मला अवचित सापडलं, जुगाराच्या टेबलावर पैसे ओढणाऱ्या ‘क्रूपिए’मुळे.

फ्रेंचमध्ये ‘क्रूप’ म्हणजे घोड्याचा पुठ्ठा. स्वाराच्या मागे पुठ्ठ्यावर बसणारा तो क्रूपिए. पुढे जुगाऱ्याच्या पाठीशी उभ्या राहणाऱ्या मदतनिसाला हे नाव मिळालं आणि अखेर टेबल सांभाळणाऱ्याला. माझ्या मते क्रॉपरही याच पुठ्ठ्यावरून घसरला.

छापखान्यातली कथा वेगळी आहे. नॉटिंगहॅमच्या क्रॉपर कंपनीनं १८६०च्या दशकात ‘मिनर्व्हा’ हे पायानं चालवायचं छपाईयंत्र विकायला काढलं. आपल्या जुन्या छापखान्यांतलं ट्रेडल याच जातीचं. कागद हातानं लावायचा. हात काढायला क्षणभर उशीर झाला की बोटं चिरडलीच. अशा यंत्रांना इंग्लंडात सरसकट ‘क्रॉपर’ म्हणत, म्हणून वाक्प्रचार तिथला, असं सांगतात. कथा पटण्याजोगी आहे, पण तारीख आड येते. शिकारीच्या कादंबऱ्या लिहिणाऱ्या रॉबर्ट सर्टीझच्या ‘आस्क ममा’त हा शब्द १८५८ सालीच येतो, आणि तिथे आपटतो तो कुंपणावर घोडा घालणारा स्वार.

त्याहून जुना प्रयोग ‘नेक अँड क्रॉप’, म्हणजे सगळाच्या सगळा. यातला क्रॉप ही पक्ष्याच्या गळ्यातली दाण्यांची पिशवी, असं एक मत आहे. पण मान आणि ती पिशवी शेजारीशेजारी; त्यातून ‘सगळा’ कसा निघेल? मानेपासून पुठ्ठ्यापर्यंत म्हटलं की अख्खा घोडा झाला. शिकारी मंडळींनी त्यातलाच क्रॉप उचलून पडण्याला क्रॉपर म्हटलं असणार. शिवाय पिशवीचा क्रॉप आणि पुठ्ठ्याचा क्रूप मुळात एकाच जर्मानिक घराण्यातले. दोन्हींत फुगीर गोळ्याचा अर्थ आहे.

१८७५पर्यंत शब्द घोड्यावरून उतरून व्यवहारात आला. अँथनी ट्रोलपच्या ‘द वे वी लिव्ह नाउ’मध्ये तो पैशासाठी लग्न करून पैसाच न मिळण्याच्या फजितीला वापरला आहे.

१८५८पूर्वीचं क्रॉपर यंत्र कुणी दाखवलं, तर मी माझं मत मागे घेईन. तोवर हा शब्द घोड्याचाच.