माग न मोडतां नवी नक्षी

घरोघरीं पांघरल्या जाणाऱ्या सोलापुरी चादरीवरील नक्षी मागाच्या मूळ सांगाड्यांत नसते. ती मागावर बसविलेल्या जॅकार्ड यंत्रांतून येते. कोणते उभे धागे उचलावयाचे, तें भोकें पाडलेल्या पुठ्ठ्यांच्या माळेवरून ठरतें. आडवा धागा घालण्याचें काम खालीं पूर्वींप्रमाणेंच चालतें. जोझेफ मारी जॅकार्ड या फ्रेंच कारागिरानें १८०४ च्या सुमारास सिद्ध केलेल्या युक्तीचें मर्म हेंच कीं, माग न मोडतां त्याला नवें सामर्थ्य देतां येतें.

सुमारें दोन शतकांनीं असाच प्रश्न संगणकाच्या आज्ञावलींपुढें उभा राहिला. १९९५ सालीं प्रसिद्ध झालेल्या जावा भाषेंत प्रत्येक प्रकारच्या वस्तूचा सांचा लिहितात; तो 'क्लास'. अमुक कामें आपण करूं, असा जो करार क्लास पत्करतो, तो 'इंटरफेस'. परंतु हा करार क्लासच्या स्वतःच्या मजकुरांतच नोंदवावा लागतो. समजा, एखाद्या पेढीच्या हिशेबांत चादर, टॉवेल व सूत असे तीन जुने क्लास आहेत. प्रत्येकानें आपल्या शेवटच्या फेरफाराची तारीख सांगावी, अशी गरज निघाली. तेव्हां तिन्ही उसवून तोच मजकूर तीनदां लिहावयाचा काय? आणि मूळ मजकूर हातीं नसेल तर?

कॅलिफोर्नियांतील झेरॉक्सच्या पालो आल्टो संशोधन केंद्रांतील ग्रेगॉर किझालेस व त्यांचे सहकारी यांनीं १९९७ च्या निबंधांत यावर मार्ग मांडला. अनेक क्लासांतून आडवें जाणारें काम एकाच ठिकाणीं लिहावें. त्या लेखनास त्यांनीं 'आस्पेक्ट' म्हटलें. २००१ सालीं 'आस्पेक्टजे' या साधनाची पहिली पूर्ण आवृत्ति निघाली. अमुक तीन क्लास यापुढें हा करार पाळतील, असें तींत आस्पेक्ट बाहेरूनच जाहीर करतो, व तो पाळण्याची कृतिहि तोच पुरवितो. दोहोंची सांगड घालणाऱ्या भागाचें नांव 'वीव्हर', म्हणजे विणकरच! २००३ च्या १.१ आवृत्तीपासून हा विणकर, मूळ मजकूर नसतांहि, यंत्रासाठीं सिद्ध झालेल्या बाइटकोडांत वीण घालूं लागला.

या सोयीला किंमतहि आहे. मागावरील जॅकार्ड डोळ्यांना दिसतें. बाहेरून जोडलेला करार क्लास वाचणाऱ्यास दिसत नाहीं, आणि विणण्याची पायरी राहून गेली तर तो नाहींसाच होतो. म्हणून क्लास एकच व आपल्या हातांतला असेल, तर करार त्यांतच लिहिणें शहाणपणाचें. क्लास अनेक किंवा परक्यांचे असतील, तेथेंच आस्पेक्ट शोभतो. नक्षी चुकली कीं विणकर वर पुठ्ठ्यांकडे पाहतो. आज्ञावलीच्या वारसालाहि कोठें पाहावयाचें, तें आधींच लिहून ठेवलेलें असावें.