बिदरची मेथॉडिस्ट मंडळी : पूर्वपीठिका

बिदर म्हटले की बहामनी किल्ला आणि १४७२ सालचा महमूद गवानाचा मदरसा डोळ्यांसमोर उभा राहतो. त्याच शहराच्या मंगळपेठेत सेंट पॉल मेथॉडिस्ट चर्च आहे. या मंडळीचे मूळ शोधू गेल्यास वाट मुंबईकडे वळते.

अमेरिकन धर्मोपदेशक विल्यम टेलर १८७० साली हिंदुस्थानात आले आणि १८७२ मध्ये मुंबईत मेथॉडिस्ट मंडळी स्थापन झाली. परदेशी निधीवर न विसंबता मंडळीने आपला खर्च आपणच भागवावा, हा टेलरांचा आग्रह होता. तो प्रारंभी निभावला. कारण सभासदांत रेल्वेत व कचेऱ्यांत नोकरी करणारे इंग्रजी भाषिक पुष्कळ होते. १८७१ मध्ये मुंबई-रायचूर लोहमार्ग पुरा होऊन गुलबर्गा (आजचे कलबुर्गी) मुंबईशी जोडले गेले, तर १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादला गाडी धावू लागली. बिदर मात्र त्या काळी लोहमार्गापासून दूरच होते.

निजामी मुलुखाच्या या भागातील खेड्यांत मंडळी पोहोचली, तेव्हा तिचा सभासदच बदलला. कन्नड, मराठी वा तेलुगू बोलणारे, बहुतांशी भूमिहीन दलित कुटुंब तिच्यात आले. महिन्याच्या पगारावर उभे राहिलेले स्वावलंबनाचे तत्त्व शेतमजुराला कसे लागू पडावे? शाळा व दवाखाने काढायचे तर परदेशी निधी घेणे भागच पडले. टेलरांच्या तत्त्वाला ही मुरड पडली खरी, पण ज्यांना अक्षरओळखच नाकारली गेली होती, त्यांच्या दृष्टीने हा व्यवहार तोट्याचा नव्हता.

शेजारच्या मेदकची कथा निराळी. तेथे ब्रिटिश वेस्लियन मिशन होते. चार्ल्स पॉस्नेट यांनी उभारलेले तेथील भव्य कॅथीड्रल १९२४ साली खुले झाले. हे वेस्लियन १९४७ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियात विलीन झाले. अमेरिकन परंपरेतील बिदरकर वेगळेच राहिले. त्यांच्या चर्चला १९८१ मध्ये 'मेथॉडिस्ट चर्च इन इंडिया' हे स्वायत्त रूप लाभले.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेत अहमदपूर, निलंगा व उदगीर हे बिदर जिल्ह्याचे तालुके मुंबई राज्यात गेले आणि बिदर म्हैसूर राज्यात. भाषेची रेघ अशी नात्यागोत्यांतून गेली. त्याआधीच, १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने, ख्रिस्ती झालेले दलित अनुसूचित जातींच्या सवलतींतून वगळले गेले होते. गावाने त्यांची जात विसरलेली नव्हती. सरकारी दप्तराने मात्र ती पुसून टाकली.