पेशवेदफ्तर आणि ‘कशासाठीं ?’ हा प्रश्न

सरकारी कचेरींत जाऊन एखादा जुना कागद पाहावयास मागितला, तर तेथील अधिकाऱ्याच्या तोंडीं पहिला प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या एकच येत असे : “कशासाठीं ?” प्रश्न लहान दिसतो, परंतु कागद राज्यकर्त्यांचा कीं रयतेचा, हा सर्व वाद त्यांत सांठविलेला आहे. महाराष्ट्रांत या वादाचा इतिहास पाहावयाचा तर पुण्याच्या पेशवेदफ्तराहून बोलकें उदाहरण आम्हांस दुसरें आढळत नाहीं.

पेशव्यांचें हुजूर दफ्तर इतिहासकारांच्या सोयीसाठीं निर्माण झालें नव्हतें. गांवोगांवचे हिशेब, सनदा, नेमणुका, इनामें व वतनें यांची नोंद असल्यावांचून राज्याची वसुली चालत नसे. देशमुखी किंवा कुलकर्णाविषयीं भाऊबंदांत तंटा पडला म्हणजे दफ्तरांतील दाखला पाहून निवाडा करण्याची वहिवाट होती. म्हणजे नोंद सरकारची असली तरी तिच्या आधारावर सामान्य कुटुंबांची भाकर उभी होती. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत दफ्तराची व्यवस्था बिघडली. आणि 1818 मध्यें पेशवाई संपतांच तें इंग्रजांच्या ताब्यांत गेलें.

नव्या सरकारनें कागद जपले, याचें श्रेय त्यास दिलेंच पाहिजे. मात्र ते कां जपले, हेंहि विसरतां नये. ज्या जमिनींवर सारा माफ होता, त्यांचे हक्क खरे कीं खोटे हें ठरवावयाचें होतें. 1852 च्या अकराव्या कायद्यानें इनाम कमिशनास या चौकशीचे अधिकार मिळाले. इनामदारानें आपला हक्क शाबीत करावा आणि सरकारनें तो आपल्याजवळच्या दफ्तराशीं ताडून पाहावा, अशी ही रीत होती. एका पक्षाच्या हातीं घरच्या पेटींतील वाळवीनें खाल्लेली सनद, तर दुसऱ्याच्या हातीं सबंध दफ्तर आणि निकालाचा अधिकारहि त्याचाच ! अशा सामन्यांत अनेक घराण्यांचीं इनामें गेलीं, यांत नवल नाहीं.

येथें सरकारचीहि बाजू ऐकली पाहिजे. बनावट सनदा त्या काळीं खरोखरच तयार होत असत; दफ्तरांत काय आहे हें बाहेर कळलें, तर त्याबरहुकूम खोटा कागद रचणें लबाडास सोपें जाईल, ही शंका निराधार नव्हती. परंतु कमिशनाचें काम आटोपल्यावरहि दार उघडलें नाहीं. मिटलेले दावे नव्यानें उठतील ही धास्ती राहिलीच. एलिएनेशन ऑफिसच्या भक्कम इमारतींत 30,000 हून अधिक रुमाल रचून ठेवले गेले आणि ज्यांच्या पूर्वजांचा इतिहास त्यांत बांधलेला होता, ते उंबरठ्याबाहेर उभे राहिले.

या कोंडीतून दोन वाटा निघाल्या. रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनीं परवानगीनें आंत बसून रोजनिश्यांतील उतारे निवडले. त्यांच्यासाठीं न्यायमूर्ति रानडे यांनीं 1900 मध्यें प्रस्तावनात्मक निबंध लिहिला आणि पेशवाईचा इतिहास केवळ लढायांचा नसून कारभाराचाहि आहे, हें लोकांस कळूं लागलें. दुसरी वाट वि. का. राजवाडे यांची. ते सरकारी दारापाशीं ताटकळत बसले नाहींत. वाडे, मठ, जुन्या घरांतील माळे धुंडाळून त्यांनीं 1898 पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ चे खंड बाहेर काढले. त्यांची संख्या 22 वर गेली. 1910 मध्यें पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ निघालें, तें याच वृत्तीचें फळ होय.

पुढें 1919 मध्यें हिंदुस्थान सरकारनें ऐतिहासिक कागदपत्रांविषयीं सल्ला देणारें कमिशन नेमलें. जदुनाथ सरकारांनीं पेशवेदफ्तर उघडावें म्हणून खटपट केली आणि गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादकत्वाखालीं 1930 ते 1934 या काळांत निवडक कागदांचे 45 खंड छापले गेले. हें काम प्रचंड आहे. तथापि निवड म्हणजे प्रवेश नव्हे. एकानें पाहून दिलेलें शेंकडों अभ्यासकांनीं वाचणें निराळें, आणि ज्यानें त्यानें आपल्या शंकेप्रमाणें रुमाल सोडून पाहणें निराळें.

स्वातंत्र्यानंतर कागदाचा धनी बदलला, पण कचेरीची संवय लवकर बदलली नाहीं. 1923 चा गुप्ततेचा कायदा कायम राहिला. महाराष्ट्रानें 2002 मध्यें माहितीच्या अधिकाराचा कायदा केला. 2005 मध्यें सबंध देशासाठीं कायदा झाला आणि 12 ऑक्टोबरपासून तो पूर्णपणें अंमलांत आला. तीस दिवसांत उत्तर द्यावें, जीविताचा किंवा स्वातंत्र्याचा प्रश्न असेल तर अठ्ठेचाळीस तासांत द्यावें, हीं कलमें बहुतेकांस ठाऊक असतात. आम्हांस त्याहून मोलाचें वाटतें तें सहाव्या कलमांतील एक साधें वाक्य : माहिती कां हवी, याचें कारण अर्जदारास सांगावें लागणार नाहीं. कित्येक पिढ्या अडविणारा तो “कशासाठीं ?” कायद्यानें येथें मागें घेतला. जें नाकारावयाचें, त्याचें कारण आतां कचेरीनें द्यावयाचें आहे.

तरीहि कायद्यानें दार उघडतें, अक्षर उघडत नाहीं. पेशवेदफ्तरांतील बहुतेक मराठी कागद मोडींत आहेत, आणि मोडी वाचणारे आज फार थोडे. हक्कानें समोर आलेला रुमाल वाचतां न आल्यास तो बंद असल्यासारखाच. सरकारनें याद्या कराव्या, कागद टिकवावे, हें त्याचें कर्तव्य होय. पण आपल्या घरांतील एका तरी मुलास मोडीची ओळख करून द्यावी, हें आमचें आहे. राजवाड्यांस दार बंद होतें, पण वाचतां येत होतें. आमच्या वांट्यास याच्या नेमकें उलट यावें, ही गोष्ट शोभणारी नाहीं.