साखळ्यांच्या नक्षीला गणिताची वाट

परस्परांत न मिसळणाऱ्या दोन पॉलिमर साखळ्या टोकाला टोक जोडल्या की ब्लॉक कोपॉलिमरचा रेणू तयार होतो. त्याचे दोन्ही भाग तेल-पाण्याप्रमाणे एकमेकांना टाळतात, पण रासायनिक बंधामुळे त्यांना काही नॅनोमीटरांपलीकडे दूर जाता येत नाही. या ओढाताणीतून थर, दंडगोल किंवा गोल यांची नियमित नक्षी आपोआप उमटते, आणि तिलाच स्वयंरचना म्हणतात. 1956 मध्ये मायकेल श्वार्त्स यांनी ‘जिवंत’ पॉलिमरांची, म्हणजे मध्येच न खुंटणाऱ्या साखळ्यांची, पद्धत दाखवल्यावर प्रत्येक भागाची लांबी ठरवणे रसायनशास्त्रज्ञांच्या हाती आले.

कोणत्या रेणूची कोणती नक्षी होईल, हे सांगण्याचा पाया मात्र सिद्धान्तकारांनी घातला. असंख्य साखळ्यांऐवजी एकच साखळी घ्यावी आणि इतर सर्वांचा तिच्यावरील प्रभाव सरासरी क्षेत्र म्हणून धरावा, ही सॅम एडवर्ड्स यांची 1965 मधील कल्पना युजीन हेल्फंड यांनी पुढे ब्लॉक कोपॉलिमरांना लावली. 1980 मध्ये लुडविक लाइब्लर यांनी दाखवले, की दोन्ही भाग समान असतील तर त्यांच्यातील प्रतिकर्षणाचे माप आणि साखळीची लांबी यांचा गुणाकार सुमारे 10.5 च्या पुढे गेल्यावरच थर पडतात.

1997 मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी अशा नक्षीच्या आधारे चौरस सेंटिमीटरला सुमारे दहा हजार कोटी इतक्या दाटीने छिद्रे कोरली. तरीही मोकळी सोडलेली नक्षी तुकड्यातुकड्यांनी वेगवेगळ्या दिशांना वळते, म्हणून तिला वाटाड्या हवा होता. 2008 मध्ये एमआयटीत पृष्ठभागावर विरळ सूक्ष्म खांब उभारण्यात आले आणि प्रत्येक खांबाने नक्षीतील एका गोलाची जागा घेतल्यामुळे भोवतालचे गोल शिस्तीत बसले.

सरळ जाळीसाठी खांबांच्या जागा भूमितीने काढता येतात. वळणे आणि जोड आले की तो तर्क अपुरा पडतो. म्हणून 2013 मध्ये प्रश्नच उलटा मांडला गेला: हवी ती नक्षी आधी ठरवावी आणि ती देणारी मांडणी संगणकाने शोधावी. एमआयटीच्या गटाने त्यासाठी मॉन्टे कार्लो पद्धत वापरली, जिच्यात यादृच्छिक बदल करून पाहिले जातात आणि तोट्याचा बदलही कधी कधी स्वीकारला जातो, जेणेकरून शोध एखाद्या अर्धवट उत्तरात अडकू नये. त्याच वर्षी शिकागोच्या गटाने उत्क्रांतीसारखी पद्धत निवडली, जिच्यात सरस आराखड्यांपासून पुढची पिढी घडते. या यशाचे श्रेय केवळ संगणकाच्या वेगाला देणे अन्यायाचे ठरेल, कारण एडवर्ड्स-हेल्फंड परंपरेतील भरवशाच्या गणिताविना आराखड्यांची पारख करणेच कठीण झाले असते. 2016 मध्ये सांता बार्बारा येथील संशोधकांनी हाच शोध खुद्द रेणूच्या घडणीकडे वळवला आणि थव्याच्या पद्धतीने, म्हणजे प्रत्येक उमेदवाराला स्वतःच्या व इतरांच्या उत्तम उत्तराकडे सरकवत, साखळीतील भागांचे प्रमाण ठरवण्यास आरंभ केला.