चांद्याहून दिसणारे विष्णुशास्त्री चिपळूणकर

जानेवारी १८७४ मध्ये पुण्यात ‘निबंधमाला’ सुरू झाली, तेव्हा विष्णुशास्त्री होते तेवीस वर्षांचे. सरकारी शाळेत मास्तर. मासिक म्हणायचं, पण लिहिणारा जवळजवळ एकटाच. असे ८४ अंक निघाले. भाषा, कविता, इतिहास, वाद, टवाळी, सगळं एका हातचं. १८७९ मध्ये नोकरी सोडली. पुढच्याच वर्षी टिळक, नामजोशींबरोबर न्यू इंग्लिश स्कूल काढलं आणि १८८१ मध्ये ‘केसरी’ आणि ‘मराठा’. ‘आमच्या देशाची स्थिती’ हा त्यांचा शेवटचा मोठा निबंध इतका झोंबला की पुढे सरकारने त्यावर बंदी घातली.

आम्हाला त्यांचा ‘इतिहास’ हा निबंध जास्त महत्त्वाचा वाटतो. इंग्रजांनी लिहिलेला आपला इतिहास आपण मान खाली घालून वाचतो, तो आपला आपण लिहायला हवा, असं त्यांचं म्हणणं. नुसतं म्हणून थांबले नाहीत. १८७८ मध्ये का. ना. साने आणि ज. बा. मोडक यांच्यासोबत त्यांनी ‘काव्येतिहाससंग्रह’ काढला, दप्तरांत पडलेल्या बखरी छापून लोकांपुढे आणल्या. हे काम फार मोठं आहे, त्यात वादच नाही.

आता हीच कसोटी आपल्या चांद्याला लावून बघू. निबंधमालेच्या सोळा वर्षं आधी, १८५८ मध्ये, मोलमपल्लीचे तरुण जमीनदार बाबूराव शेडमाके यांनी गोंड तरुण गोळा करून इंग्रजांशी झुंज दिली. २९ एप्रिलला त्यांच्या माणसांनी तारखात्याच्या छावणीवर हल्ला केला, गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले. इंग्रजांनी अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईंवर दबाव आणला, बाबूराव पकडले गेले आणि २१ ऑक्टोबरला त्यांना चांद्याच्या तुरुंगात फाशी झाली. अहेरी, मोलमपल्ली हा मुलूख आज गडचिरोलीत आहे. तेव्हा सगळा चांदा जिल्हाच.

मग हे आपण वाचतो कुठून? लुसी स्मिथ या साहेबाच्या १८६९ च्या बंदोबस्ताच्या अहवालातून! गोंड राजांची वंशावळसुद्धा बऱ्याच अंशी तिथूनच. म्हणजे शास्त्रीबुवांना जे खुपत होतं, नेमकं तेच.

याचं कारण त्यांच्या साधनांत होतं. बखर, पत्र, पोथी, म्हणजे कागदावर उरलेलं. परधान गायकांनी पिढ्यानपिढ्या गाऊन राखलेल्या वंशगाथांना दप्तर नव्हतं, गोंडीला छापखाना नव्हता. इतिहासात कोण धरायचं आणि कोण नाही, हा प्रश्न पुण्यात त्याच वेळी कुणी विचारत नव्हतं असंही नाही. जोतीराव फुल्यांची ‘गुलामगिरी’ १८७३ ची. शास्त्रीबुवांनी मालेत फुल्यांवर पानंच्या पानं लिहिली. बराच भर त्यांच्या अशुद्ध भाषेची, व्याकरणाची थट्टा करण्यावर. मूळ प्रश्न तसाच राहिला. आम्हाला ही त्यांच्या लेखनातली सर्वांत वाईट जागा वाटते, कारण इतका धारदार माणूस त्या प्रश्नाला भिडला असता तर मालेतला ‘आमचा देश’ वेगळा झाला असता.

१७ मार्च १८८२ रोजी ते गेले. वय अवघं एकतीस. सानेंनी बखरींचं काम चालू ठेवलं. परधानांची गाणी गोळा करायला मात्र त्या काळात पुण्याहून कुणी जंगलात आलं नाही.