इब्राहिम रोज्याची अक्षरं

विजापूरला जाणारे आपले बहुतेक लोक गोलघुमटात आवाज घुमवतात आणि परत फिरतात. तटाबाहेर पश्चिमेला इब्राहिम रोजा आहे, तिथे फार थोडे पोचतात. मी जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या. अक्षरांची मेहनत काय असते ते मला कळतं, म्हणून हे सांगतो.

राणी ताज सुलताना हिच्यासाठी हा मकबरा बांधायला घेतला, पण १६२७ मध्ये तिचा नवरा, सुलतान दुसरा इब्राहिम आदिलशहा, हाच आधी गेला. आज दोघंही तिथेच आहेत. काम पुरं केलं मलिक संदल याने. खर्च दीड लाख होन, असं तिथल्याच फारसी लेखात कोरलेलं आहे.

कबरीच्या दालनाच्या बाहेरच्या भिंती अक्षरांनी आणि वेलबुट्टीने भरलेल्या आहेत. एके काळी त्यांवर रंग होता, सोनं होतं. सगळं कुराण इथे कोरलंय असं सांगतात, पण एवढ्या भिंतींवर ते मावणारच नाही. आयती निवडक आहेत.

खरी कमाल खिडक्यांत आहे. तिथे अक्षरं दगडावर कोरलेली नाहीत, अक्षरांचीच जाळी केली आहे. दोन अक्षरांमधला दगड आरपार काढून टाकलाय, उजेड तिथूनच आत येतो. आता अरबीत नुक्ते, म्हणजे अक्षरांचे ठिपके, किती! एकेका अक्षराला एक, दोन, तीन. भोवतालचा दगड काढला की सुटा नुक्ता खालीच पडणार. म्हणजे प्रत्येक नुक्ता शेजारच्या रेघेला किंवा चौकटीला कुठेतरी टेकलेला हवा, आणि तरी शब्द वाचता आला पाहिजे. पत्र्याचं स्टेन्सिल कापताना ‘व’चं पोट गळून पडू नये म्हणून आम्हीही सांधा ठेवतो, पण तो सांधा दिसतो आणि अक्षर बिघडतं. इथे सांधा अक्षराच्या वळणातच जिरवला आहे. आधी कागदावर लिहिणाऱ्याने दगडाचा विचार केला असला पाहिजे, आणि छिन्नी धरणाऱ्याला लेखणीची चाल कळत असली पाहिजे. एकट्याचं हे काम नव्हे. चुकलेली रेघ आम्ही रंगाने झाकतो; दगडाला ती सोय नाही.

ताजमहालावर काळा संगमरवर पांढऱ्यात जडवून लिहिलेल्या आयती आहेत आणि त्याखाली अमानत खान शिराझी याची सही आहे. ते काम थोरच. तरी अक्षराच्या कारागिरीत मी विजापूरच्या या जाळ्यांना वरचं स्थान देईन.

गोलघुमट पाहून झाला की रोज्याकडे वळा. दालनात जाऊन जाळ्या आतून पाहा, आणि दगडाला हात लावू नका.