आठवड्याच्या एका दिवसावर उभी राहिलेली संस्था

हाँगकाँगमध्ये जमिनीचं मालक सरकार, बाकी सगळे भाडेपट्टेवाले. याला अपवाद एकच, गार्डन रोडवरचं सेंट जॉन्स कॅथीड्रल. 1849 साली उघडलेलं हे अँग्लिकन चर्च ज्या तुकड्यावर उभं आहे, तेवढीच जमीन या शहरात कायमच्या मालकीची. 1981 साली याच आवारात एक कार्यालय सुरू झालं. ज्यांच्यासाठी ते सुरू झालं त्या बायकांना मात्र या शहरात स्वतःची खोली सोडाच, स्वतःची म्हणावी अशी खाट मिळेल याचीही खात्री नव्हती. ‘मिशन फॉर फिलिपिनो मायग्रंट वर्कर्स’ हे संस्थेचं पहिलं नाव. पुढे इंडोनेशिया, थायलंड, नेपाळ, श्रीलंकेच्या बायकाही दार ठोठावू लागल्या आणि नावातला ‘फिलिपिनो’ गळला. सगळे तिला नुसतं ‘मिशन’ म्हणतात. सुरुवातीपासून तिच्याबरोबर असलेलं आणि हाँगकाँगच्या सार्वजनिक जीवनात ओळखीचं झालेलं नाव म्हणजे सिंथिया अब्दॉन-टेलेझ.

संस्था उभी राहायची तर सभासद हवेत, बैठका हव्यात, त्यासाठी वेळ हवा. मिशनच्या लोकांकडे आठवड्यातला एकच दिवस होता. हाँगकाँगच्या रोजगार कायद्याप्रमाणे घरकामगाराला दर सात दिवसांत सलग चोवीस तासांची सुट्टी मिळते. बहुतेकींना ती रविवारी मिळते, काहींना मालकाच्या सोयीने मंगळवारी किंवा गुरुवारी. करार दोन वर्षांचा. तो संपला, मोडला किंवा मालकिणीचा मूड गेला की बाई विमानात. अशा सतत बदलत्या माणसांच्या जोरावर ही संस्था चाळीस वर्षांहून अधिक काळ टिकली. चर्चच्या देणग्या आणि कार्यकर्त्यांची चिकाटी हे कारण खरंच आहे, पण मला ते अपुरं वाटतं. मिशनने मदतकेंद्रापुरतं न थांबता त्या एका सुट्टीच्या दिवसालाच कामाला लावलं, हे मला अधिक महत्त्वाचं वाटतं.

या बायका आल्या कशा, याचं उत्तर मनिलात आहे. 1972 मध्ये फर्डिनांड मार्कोस यांनी फिलिपिन्समध्ये लष्करी कायदा लागू केला. 1974 च्या कामगार संहितेने परदेशी नोकऱ्यांसाठी माणसं पाठवणं हे सरकारी धोरण झालं. डोक्यावर कर्ज, तेल महागलेलं, तरुणांना काम नाही. सरकारच्या लेखी ही तात्पुरती सोय होती. पुरुष आखातातल्या बांधकामांवर आणि जहाजांवर गेले. हाँगकाँगमध्ये त्याच सुमारास मध्यमवर्गातल्या चिनी बायका कारखान्यांत, कचेऱ्यांत जाऊ लागल्या होत्या; घर आणि मुलं सांभाळायला इंग्रजी बोलणारी, शिकलेली बाई त्यांना हवी होती. येणाऱ्यांत शाळामास्तरणी होत्या, पदवीधर होत्या. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला परदेशी घरकामगारांची संख्या वीस हजारांच्या घरात पोचली होती.

मिशनची पहिली मोठी लढाई हाँगकाँगच्या मालकांशी झालीच नाही, ती झाली स्वतःच्याच सरकारशी. परकीय चलनाच्या टंचाईने घायकुतीला आलेल्या मार्कोस यांनी 1982 मध्ये आदेश क्रमांक 857 काढला. घरकामगारांनी पगाराचा निम्मा भाग अधिकृत बँकांमार्फतच मायदेशी पाठवावा. न पाठवल्यास पासपोर्टचं नूतनीकरण होणार नाही. पैसे तर त्या पाठवतच होत्या. पण किती, केव्हा आणि कोणत्या वाटेने पाठवायचे हे सरकारने ठरवावं, हे त्यांना मान्य नव्हतं. 1984 मध्ये फिलिपिनोंच्या दहा संघटनांनी सक्तीच्या वसुलीविरुद्ध आघाडी केली. 1985 च्या मे महिन्यात सरकारने शिक्षेची कलमं मागे घेतली आणि त्याच वर्षी या आघाडीचं रूपांतर ‘युनायटेड फिलिपिनोज इन हाँगकाँग’ म्हणजे ‘युनिफिल’मध्ये झालं. मिशन आणि युनिफिल यांची कामं तेव्हापासून वाटली गेली. एक तक्रार ऐकून कागद तयार करणार, दुसरी मोर्चा काढणार. ही वाटणी मला शहाणपणाची वाटते. एकाच संस्थेने दोन्ही ओझी उचलली असती तर तिचं कंबरडं मोडलं असतं.

जिंकलेल्या लढाईनंतर समोर आली ती रोजची, कंटाळवाणी अडचण. घरकामगाराला मालकाच्याच घरात राहावं लागतं. नोकरी गेली की छप्परही त्याच तासाला जातं. 1986 मध्ये ‘बेथ्यून हाउस’ हा निवारा सुरू झाला तो याचसाठी. पुढच्याच वर्षी सरकारने दोन आठवड्यांचा नियम आणला: करार संपल्यावर चौदा दिवसांत दुसरी नोकरी मिळवून बहुधा मायदेशी जाऊनच परवाना घ्यायचा, नाहीतर शहर सोडायचं. मालकाने पगार थकवला असेल, मारहाण केली असेल, तर तक्रार करण्याचा हक्क आहे. पण खटला महिनोन्‌महिने चालतो, व्हिसा वाढवायला दर वेळी फी भरावी लागते आणि त्या काळात काम करायला बंदी. म्हणजे न्याय मागणारीने उपाशी राहून तो मागायचा. बेथ्यून हाउसमधलं अंथरूण आणि भाताचं ताट या कायदेशीर लढ्याचाच भाग आहे, हे बाहेरच्याला पटकन लक्षात येत नाही.

हाँगकाँगच्या कामगार न्यायाधिकरणात वकील उभा करता येत नाही. मालक आणि कामगार, दोघांनी आपापली बाजू स्वतः मांडायची. कागदावर समान. पण एका बाजूला कँटनीज बोलणारा, घरात कॉम्प्युटर असलेला मालक. दुसरीकडे दुभाष्यामार्फत बोलणारी, काल रात्री बॅग घेऊन बाहेर पडलेली बाई. मिशनने यावर काढलेला तोडगा साधा होता. तुझा हिशेब तू मांडायला शीक. पगाराची थकबाकी, नोटिशीऐवजीचा पगार, न मिळालेल्या सुट्ट्या, परतीचं तिकीट, प्रवासातला जेवणखर्च, असं एकेक कलम. वही ठेव, तारखा लिही, मालकिणीने कोऱ्या पावतीवर सही मागितली तर देऊ नकोस, पासपोर्ट कुणाला गहाण देऊ नकोस. (एजन्सीने घ्यायची फी कायद्याने पहिल्या महिन्याच्या पगाराच्या दहा टक्क्यांपर्यंतच, प्रत्यक्षात बाई येतानाच कर्जात येते, हे सगळ्यांना माहीत आहे.) शिकलेली बाई पुढच्या रविवारी चौकात बसून दुसरीला शिकवते.

तो चौक म्हणजे सेंट्रलमधला स्टॅच्यू स्क्वेअर आणि त्याला लागून असलेला चेटर रोड. या जागेची गोष्ट मुंबईकराने ऐकण्यासारखी आहे. हा सगळा भाग समुद्रात भर घालून काढलेला. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी ही भर घालण्याची योजना पुढे रेटणारे दोघे भागीदार हिंदुस्थानातून गेलेले होते. कलकत्त्यात जन्मलेले आर्मेनियन पॉल चेटर आणि मुंबईचे पारशी होर्मसजी मोदी. त्याच सेंट्रलच्या द’ॲगिलर स्ट्रीटवर 1891-92 मध्ये फिलिपिन्सचे राष्ट्रनायक होसे रिझाल डोळ्यांचा दवाखाना चालवत होते. फिलिपिन्सचा पहिला राष्ट्रध्वजही 1898 मध्ये हाँगकाँगमध्येच शिवला गेला, मार्सेला आगोन्सिल्यो यांच्या हातून. म्हणजे फिलिपिनोंसाठी हे शहर नवखं नव्हतं. फक्त आता आलेल्यांची नावं पाठ्यपुस्तकात येणार नव्हती.

1982 मध्ये चेटर रोड रविवारी वाहनांना बंद झाला. कल्पना आसपासच्या बहुतेक इमारतींच्या मालक असलेल्या हाँगकाँग लँड कंपनीची. गाड्या नसल्या तर लोक निवांत फिरतील आणि खरेदी करतील, असा हिशेब होता. लोक आले, पण खरेदीला नाही, बसायला. पुठ्ठे अंथरून, चपला काढून, पान्सित आणि आदोबोचे डबे उघडून. दहा वर्षांनी त्याच कंपनीने रस्ता पुन्हा वाहनांना खुला करण्याची मागणी केली आणि या बायकांना जमायला तळघरातले वाहनतळ द्यावेत, अशी सूचना पुढे आली. वर्तमानपत्रांत पत्रांचा पाऊस पडला. त्यातल्या कुजबुजीचा सूर आपल्या ओळखीचा आहे. कामाला हव्यात, डोळ्यांसमोर नकोत. रस्ता बंदच राहिला.

रविवारी जवळून पाहिलं तर हा नुसता घोळका नसतो. कोण कुठे बसणार हे ठरलेलं असतं. इलोकोसच्या बायका इथे, पांगासिनानच्या तिथे, कॉर्डिलेराच्या डोंगरातल्या आणखी पलीकडे, गाँगच्या तालावर गोल धरून नाचणाऱ्या. गिरणगावात कोकणातल्या गावांची चाकरमानी मंडळं होती तशीच ही गावकी, फक्त खोलीऐवजी फुटपाथच्या फरशीवर. एक गट घरी पाठवायची बालिकबायान पेटी भरत असतो. साबण, कॉफी, चॉकलेटं, भाच्याचे बूट. पेटी फुगेपर्यंत दाबून भरतात आणि चिकटपट्टीने सगळ्या बाजूंनी गुंडाळतात. वास्तुविशारद नॉर्मन फॉस्टर यांनी आखलेल्या एचएसबीसी बँकेच्या इमारतीचा तळमजला उघडा ठेवलेला आहे, पावसात तिथे दाटी होते. वर्ल्ड-वाइड हाउसमध्ये पैसे पाठवण्याच्या रांगा. सेंट जोसेफ चर्चमध्ये एकामागून एक मिस्सा. दुपारी सौंदर्यस्पर्धा. हो, सौंदर्यस्पर्धा. मुकुट, गाऊन, पट्टा सगळं, आणि रात्री ठरलेल्या वेळी घरी पोचण्याची घाई. बेबी रुथ व्हिलारामा यांच्या ‘संडे ब्यूटी क्वीन’ या माहितीपटाने हे जग दाखवलं आणि 2016 च्या मेट्रो मनिला चित्रपट महोत्सवात त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा मान मिळाला. काही कार्यकर्त्यांना या स्पर्धा उथळ वाटत. मला वाटत नाहीत. सहा दिवस दुसऱ्याच्या घरात एप्रन घालून वावरणाऱ्या बाईला सातव्या दिवशी नाव पुकारून मंचावर बोलावलं जातं, यात उथळ काही नाही. शिवाय मिशनची पत्रकंही त्याच गर्दीत वाटली जातात.

1996 मध्ये ‘एशियन मायग्रंट्स कोऑर्डिनेटिंग बॉडी’ स्थापन झाली आणि फिलिपिनोंनी कमावलेलं शहाणपण इतर देशांच्या कामगारांपर्यंत पोचू लागलं. इंडोनेशियाच्या बायका व्हिक्टोरिया पार्कमध्ये जमत. त्यांच्यातली एनी लेस्तारी ठरल्यापेक्षा कमी पगार आणि नाकारलेली सुट्टी यांना कंटाळून मालकाचं घर सोडून बेथ्यून हाउसमध्ये आली. तिथे असतानाच, 2000 मध्ये, तिने इतरांबरोबर इंडोनेशियन कामगारांची संघटना उभी केली. 2008 मध्ये हाँगकाँगमध्ये स्थापन झालेल्या ‘इंटरनॅशनल मायग्रंट्स अलायन्स’चं अध्यक्षपद तिच्याकडे आलं आणि सप्टेंबर 2016 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित व स्थलांतरितांवरील शिखर परिषदेच्या उद्घाटनात ती बोलली. फिलिपिनो घरकामगार झिझा क्रूझ बाकानी हिने बेथ्यून हाउसमधल्या बायकांचे कृष्णधवल फोटो काढले आणि ती नावाजलेली छायाचित्रकार झाली. निवाऱ्याच्या वाटचालीत ही दोन नावं आवर्जून घेतली जातात, घ्यावीत. पण खटला जिंकून किंवा हरून, चार शब्द कायद्याचे शिकून गेलेल्या बाकीच्या बायकांवरच ही संस्था चालली.

हार पुष्कळ झाली. 1999 मध्ये घरकामगारांचं किमान मासिक वेतन 3,860 हाँगकाँग डॉलरवरून 3,670 झालं. 2003 मध्ये, सार्सच्या साथीने शहर हादरलेलं असताना, आणखी 400 कापले गेले आणि त्याच वर्षी मालकांवर महिना 400 डॉलरचा कर बसला. दोन आकडे सारखे असणं हा योगायोग आहे, असं सरकार सांगत राहिलं. न्यायालयात दाद मागितली, मिळाली नाही. त्याच वर्षापासून मालकाच्या घरी राहणं करारात सक्तीचं झालं; त्याविरुद्धचा अर्जही 2020 मध्ये अपील न्यायालयात फेटाळला गेला. सगळ्यात जिव्हारी लागलेला निकाल 25 मार्च 2013 चा. इतर परदेशी माणसाला सात वर्षांच्या वास्तव्यानंतर कायम रहिवासाचा हक्क मागता येतो. 1986 पासून तिथे राहिलेल्या एका घरकामगार बाईने तो मागितला. खालच्या न्यायालयात ती जिंकली, वर हरली, आणि पाचही न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की घरकामगाराचं राहणं हे ‘सर्वसाधारण वास्तव्य’ नव्हे. दोन-अडीच दशकं स्वयंपाक केला, मुलं शाळेत पोचवली, म्हाताऱ्यांना आंघोळी घातल्या, तरी नाही.

एर्वियाना सुलिस्त्यानिंग्सिह या इंडोनेशियन तरुणीचा मालकिणीने केलेला छळ 2014 मध्ये जगासमोर आला. तेव्हा मिशन आणि ‘एशियन मायग्रंट्स कोऑर्डिनेटिंग बॉडी’ तिच्यामागे उभ्या राहिल्या. मालकिणीला 2015 मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली. कोविडमध्ये मात्र सगळा डोलारा डळमळला, कारण रविवारच गेला. गर्दीबंदीत चौकात बसल्याबद्दल 5,000 डॉलर दंड, म्हणजे महिन्याच्या पगाराहून जास्त. 2022 च्या सुरुवातीच्या लाटेत बाधित झालेल्या काही बायकांना मालकांनी घराबाहेर काढलं आणि थंडीत त्यांना रस्त्यावर रात्र काढावी लागली. निवाऱ्यांनी जागा अपुरी पडते म्हणून आणखी जागा शोधल्या, संघटनांनी जेवण पोचवलं.

आज हाँगकाँगमध्ये साडेतीन लाखांहून जास्त परदेशी घरकामगार आहेत, त्यांत निम्म्याहून अधिक फिलिपिनो. मनिलात 2021 च्या अखेरच्या कायद्याने स्थलांतरित कामगारांसाठी स्वतंत्र खातंच निर्माण झालं. तात्पुरती सोय पन्नाशीला आली. सप्टेंबर 2025 च्या अखेरीस हाँगकाँग सरकारने या कामगारांचं किमान वेतन 4,990 वरून 5,100 डॉलर केलं. वाढ 110 डॉलरची. शहरातल्या इतर कामगारांना 2011 पासून तासावर किमान वेतनाचा कायदा लागू आहे, त्यातून घरात राहणारे घरकामगार वगळले आहेत. ते मालकाच्या घरी राहतात, त्यांचे तास मोजणार कसे, असं कारण दिलं जातं. मालकाच्या घरी राहण्याची सक्ती सरकारचीच आहे, याकडे बोट दाखवत दर वर्षी वेतनाच्या आढाव्याआधी संघटना कामगार खात्याकडे जातात आणि दोन्ही कलमं बदलण्याची मागणी एकाच अर्जात करतात.